सूक्ष्मदर्शकावरचं गंध

माझी रत्नावळी आत्या कोइम्बतूरच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि तिचा पारा कायम चढलेला असतो. माझ्या बायोटेकच्या पदवीसाठी कॉलेज बघायला मी तिलाच नेलं. प्राचार्यांनी कौतुकानं प्रयोगशाळा दाखवली. प्रत्येक सूक्ष्मदर्शकाच्या नॉबवर गंध-कुंकवाचे ठिपके होते.

आत्या थबकली. "सर, दसऱ्याची आयुधपूजा ऑक्टोबरात झाली. आता जून आलाय. कुणी एकदा तरी हा नॉब फिरवला असता, तर हे गंध राहिलं असतं?"

"मॅडम, महागडी यंत्रं आहेत. मुलं हात लावून बिघडवतात."

"म्हणजे यंत्रं देव्हाऱ्यात आणि पोरं दाराबाहेर!" आत्या कडाडली. "पूजा तर उरकलीत. आता बळीचा कोहळा फोडायचा राहिलाय, म्हणून आमची पोरगी हवीय का?"