चादर न बदलणारी मुलगी

वसतिगृहाच्या तळघरातल्या चादरखोलीत मावशी अठरा वर्षं आहेत. काम सोपं: दर सोमवारी मळकी चादर घ्यायची, धुतलेली द्यायची, खोलीच्या क्रमांकापुढे खूण करायची. चौकशा करणं कामात बसत नाही. त्या मावशी पदरमोड करून करतात.

सलग तीन सोमवार दोनशे चौदापुढे खूण नव्हती. परदेशातून शिकायला आलेली, लांब वेणीची मुलगी. मावशींच्या अभ्यासानुसार एक सोमवार चुकवणारा विसराळू असतो, दोन चुकवणारा आळशी. तिसऱ्यासाठी त्यांच्याकडे शब्द नव्हता, आणि तेच त्यांना खुपत होतं.

त्या चादर घेऊन वर गेल्या. दार बोटभर उघडलं.

"मी मागितली नव्हती."

"ठाऊक आहे. पण आत घे, नाहीतर इथंच उभी राहते. गुडघे माझे, पाप तुझं."

दार उघडलं. पडदे ओढलेले, पुस्तकांवर बिस्किटांचे पुडे.

"वर्गात जातेस?"

"तीन आठवडे नाही. उठवतच नाही सकाळी. आता नाव काढून घेते, परत जाते."

"अगं, तुमच्यासाठीच तर वर समुपदेशक बाई बसवल्यात!"

"त्यांच्या दाराशी वही आहे. नाव आणि कारण लिहायचं. ते घरी कळवतात, व्हिसाही जातो. आम्हा सगळ्यांना माहितीय."

"सांगितलं कोणी?"

मुलगी विचारात पडली. "सगळ्यांनीच."

मावशी वही बघायला गेल्या. सत्र अर्धं सरलं होतं. पानं कोरी करकरीत. बाई म्हणाल्या, "किती जण येतात ते कळावं म्हणून ठेवलीय. घरी कशाला कळवू?"

"मग कळलं का, किती येतात ते? उद्या खाली या. अभ्रे घालायला माणूस हवंय."

"मी?"

"पदवी आड येत असेल तर राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मावशींनी मुलीलाही मदतीला खाली बोलावलं आणि अभ्र्यांच्या ढिगाशी तिघी बसल्या. "या वरच्या बाई," मावशींनी सरळच सांगून टाकलं. "वही वरच ठेवून आल्यात."

मुलीनं उशी छातीशी धरली. "घरी सांगणार?"

"तुझ्या जिवाला धोका वाटला तरच कुणाला सांगावं लागेल, तेही आधी तुला सांगून. एरवी नाही." बाईंनी अभ्रा उलटा घातला होता.

मुलीनं तो काढून सुलटा केला. पुढची उशी ओढली. मग ती म्हणाली, "आईला वाटतं, मी इथं मजेत आहे."

गोष्ट आत्ता कुठं सुरू होत होती. मावशी उठल्या आणि दार बाहेरून ओढून घेतलं.