लांबचं काही आलं का?

पोस्टिणीचा जन्मभर एका बाईवर दात होता, आणि त्या बाईला त्याचा गंधही नव्हता. ती बाई साता समुद्रापलीकडे महालात राहायची, डोक्यावर मुकुट घालायची. पोस्टीण दोन खोल्यांत राहायची आणि मोठ्या पोस्टात एकतीस वर्षं टपाल वर्गवारीचं काम करायची. म्हणून तर गल्लीने तिला हे नाव दिलं होतं. बरोबरी म्हणून कुठे नव्हती. पण जळायला बरोबरी लागते असं कोणी सांगितलं?

भांडणाचं मूळ आई. आई आठ वर्षांची असताना राणी हा देश बघायला आली होती. तेव्हा देश तिचाच होता, त्यामुळे बघायला आली तरी कसं म्हणायचं? मालकीण आपल्या खोल्या बघून गेली. शाळेतल्या पोरींना दोन तास उन्हात रस्त्याकडेला उभं केलं होतं. राणी गाडीतून उतरली आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलीच्या हनुवटीला तिने हात लावला. ती मुलगी म्हणजे आई.

झालं. त्यानंतर बहात्तर वर्षं ती हनुवटी घरात मिरवत होती. पोस्टीण पोक काढून बसली की आई म्हणे, "राणीची पाठ बघायला हवी होतीस." पानात टाकलं की, "राणी असं टाकत नसेल हो." पोस्टिणीचं लग्न दोन वर्षांत मोडलं आणि ती ट्रंक घेऊन परत आली, तेव्हाही आईने पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "राणीला काय कमी ताप आहेत?" आईच्या सुयादोऱ्यांचा बिस्किटाचा डबा होता, त्याच्या झाकणावर राणीचं चित्र. घरातलं सगळं झिजलं, पण तेवढा चेहरा आई दर रविवारी ओल्या फडक्याने पुसायची. पोस्टिणीच्या हनुवटीला आईने कधी हात लावल्याचं मात्र तिला आठवत नव्हतं. वेणी घालताना डोकं धरून गर्रकन फिरवायची, तेवढंच. सख्खी बहीण लाडकी असती तर झिंज्या उपटून मोकळं होता आलं असतं. या सावत्र बहिणीच्या झिंज्यांना हात कसा पोचणार?

आणि बाबा? बाबांना याच राणीच्या पोलिसांनी उचलून नेलं होतं. पोस्टीण तेव्हा आईच्या पोटात होती. अडीच वर्षांनी देश सुटला तेव्हा बाबा सुटले, पण त्यांचा डावा गुडघा परत कधी वाकला नाही. पुढे जन्मभर ते खुर्चीत बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करत राहिले. पाय समोर स्टुलावर, आणि स्टुलाशेजारच्या फळीवर तो डबा. पोस्टीण लहानपणापासून दोन्हीकडे बघायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बाबा गेले तेव्हा आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. चौथ्या दिवशी शिवणयंत्र सुरू.

अशी ती राणी एका मंगळवारी मेली. बुधवारी पोस्टावरचा झेंडा अर्ध्यावर आला, आणि टपाल बाजूला ठेवून सगळं ऑफिस भांडायला बसलं.

"कोणाची म्हैस आणि कोणाला ऊठबस!" पार्सलवाला म्हणाला. "आपली इतकी माणसं त्यांनी तुरुंगात कुजवली, तेव्हा कोणी झेंडा उतरवला होता?"

"राणीला म्हैस म्हणतोस?" तिकीटवाल्या बाई म्हणाल्या. "मेलेल्या माणसाशी कसलं वैर? आणि म्हातारीने स्वतः थोडीच काठी मारली कोणाला?"

"काठीवर शिक्का कोणाचा होता?"

दोघांनी पोस्टिणीकडे बघितलं. बाबा गेले त्या दिवशी याच पोस्टाने तिला अर्ध्या दिवसाची रजा दिली होती, एवढंच तिला आठवत होतं. पुढे कधी आई गेली तर आणखी अर्धा दिवस मिळेल. आणि हिच्यासाठी अख्खा देश उभा! देशाने रडावं की रडू नये ते शहाण्यांनी ठरवावं. तिचं पोट दुखत होतं ते दुसऱ्याच कारणाने. घरी जायची तिला धास्ती वाटत होती.

आणि घडलं तसंच. आई टीव्हीसमोर बसून रडत होती. साधंसुधं नाही, हमसून हमसून. मांडीवर डबा.

"जेवलीस?"

"नाही गं. गेली ना ती."

पोस्टीण स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटत राहिली. बाबांना न मिळालेलं रडं त्या टीव्हीतल्या शवपेटीसाठी वाहत होतं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात; इथे तर जिवंतपणीही हिचंच दूध चाललं होतं.

नगरभवनात शोकवही ठेवली होती. आईने हट्टच धरला, आणि शनिवारी पोस्टिणीला टॅक्सी करावी लागली. रांग लांब होती. शिपायाने म्हातारीला बाकावर बसायला सांगितलं. पोस्टीण शेजारी बसली, आणि इतक्या वर्षांचं साचलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"बाबांसाठी नाही रडलीस. हिच्यासाठी रडतेस. एकदा हनुवटीला हात लावला, एवढ्यावर?"

"हातमोजा होता गं तिचा," आई म्हणाली. "हात कसा होता ते मला कधी कळलंच नाही."

"मग?"

"तुझ्या बाबांना नेलं ना, तेव्हा मी तिला पत्र लिहिलं होतं. त्यांना सोडा म्हणून. तू पोटात होतीस. यांना कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं, शत्रूपुढे पदर पसरलास म्हणाले असते. म्हणून कोणालाच बोलले नाही."

"पण बाबा सुटले की."

"सुटले ते देश सुटला म्हणून. माझ्या पत्राचं उत्तर राहिलंच ना? चुकलं, एवढं तरी लिहील असं वाटायचं. आता कोण लिहिणार?"

पोस्टिणीच्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. शिक्षिकेची नोकरी मिळत असताना आईने तिला पोस्टातच घातलं होतं. आणि एकतीस वर्षं रोज संध्याकाळी, चपला काढायच्या आत, एकच प्रश्न: "लांबचं काही आलं का गं?" पोस्टिणीला तो म्हातारीचा चाळा वाटायचा. ती "नाही" म्हणायची आणि मोरीत पाय धुवायला जायची. म्हणजे नोकरीसुद्धा त्या बाईसाठीच! क्षणभर तिचा असा जळफळाट झाला की उठून निघून जावंसं वाटलं. मग तिला बाबांचा गुडघा आठवला, आणि ती बसून राहिली.

तोंडातून मात्र धंद्याचाच प्रश्न आला. "पत्रावर आपला पत्ता घातला होतास?"

"पत्ता कशाला?" आई म्हणाली. "तिला आपलं घर माहीत नव्हतं का? तिच्याच माणसांनी तर दार फोडून यांना नेलं."

पोस्टिणीने असली पत्रं रोज हाताळली होती. मागे पत्ता नाही, आत पत्ता नाही, शेवटी पोत्यात. हे पत्र राणीने वाचलं असतं, रडलीही असती, तरी उत्तर कुठे पाठवणार होती? चूक आईची होती. एक वाक्य बोललं की राणी निर्दोष सुटत होती, आणि म्हातारीच्या माथ्यावर अठ्ठावन्न वर्षांची वाट बघणं आपल्याच हाताने ओढवल्याचा ठपका येत होता.

आईच्या तोंडून त्या बाईबद्दल पहिल्यांदाच तक्रार निघाली होती. ती पोस्टिणीला गोड लागली, खोटं कशाला बोला. ती गप्प राहिली. आईच्या मायेने किती आणि जुन्या दाव्याने किती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

नंबर आला. आईने पेन पोस्टिणीच्या हातात दिलं.

"काय लिहू?"

"लिही, पत्राची वाट बघतेय."

पोस्टिणीने लिहिलं. खाली आईचं नाव. मग घर क्रमांक, गल्ली, दवाखान्यामागे, दुसरा मजला. टेबलामागचा कारकून पुढे वाकला.

"बाई, फक्त नाव लिहायचंय. पत्ता लागत नाही."

"लागतो," पोस्टीण म्हणाली, आणि तिने पिनकोड लिहिला.