रोटेनबाखरांची मीरा

आमच्या व्याहीबुवांइतका स्वतःच्या आडनावामागे हात धुऊन लागलेला माणूस साऱ्या इंग्लंडात दुसरा नसेल. वॉटफर्डला आमच्याकडे जेवायला येतात ते कोट न काढताच बसतात, आणि आमटी वाढेस्तोवर दोनदा उठून नकाशा दाखवतात. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच. घरी फोन करावा तर विहीणबाई सांगणार, "ते बर्मिंगहॅमला गेलेत, चर्चच्या जुन्या वह्या बघायला." लोक रिटायर झाले की बागेत गुलाब लावतात, यांनी पणजोबा खणायला घेतले.

त्यांचं कागदोपत्री आडनाव रॉबर्ट्स, पण मूळचं रोटेनबाखर, म्हणजे रोटेनबाख गावचे. आपल्याकडे साताऱ्याचे सातारकर, तसंच. हे पणजोबा दक्षिण जर्मनीतून पोट भरायला बर्मिंगहॅमला आले आणि डुकराच्या मटणाचं दुकान टाकून बसले. सॉसेज झकास, गिऱ्हाईक खूश. मग पहिलं महायुद्ध लागलं आणि त्याच गिऱ्हाइकांनी दुकानाच्या काचा फोडल्या. आठवड्याच्या आत पाटीवर रॉबर्ट्स. "शेजारच्यांनीच फोडल्या हो," असं व्याहीबुवा अजून म्हणतात, गेल्या मंगळवारची गोष्ट असल्यासारखं. (बोलतात इंग्रजीत; मराठी माझं.)

आता हे रोटेनबाख कुठलं, ते पणजोबा काही सांगून गेले नाहीत, आणि त्या नावाची गावं निघाली चांगली पाच. व्याहीबुवांनी एकेक पालथं घालायला घेतलं. एका गावात बेकरीवाल्या बाईनं केक खाऊ घालून 'तुम्ही आमचे नव्हेत' म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यात त्यांनी दिवसभर थडग्यांवरचं शेवाळ खरवडलं, तर सगळी भलत्याच घराण्याची. एकदा मलाच म्हणाले, "तुमचंही आडनाव गावावरून आहे ना? कसं आहे गाव?" मी जन्मलो पुण्यात, उभी हयात इथे औषधाच्या दुकानात गेली. म्हटलं, "गेलो नाही कधी." त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला जेवण गोड लागेना.

आमच्या लेकीला दिवस गेले तेव्हा तर ते घरात टेकेचनात. त्यांना एकच हवं होतं, नातवंडाचं आडनाव रोटेनबाखर लागावं. आपल्यामागे ते नाव घेणारं कोणी उरणार नाही, ही धास्ती. जावई बँकेतला, शांत डोक्याचा. म्हणाला, "डॅड, पणजोबांनी स्वतः टाकलेलं नाव बाळाच्या गळ्यात कशाला?"

"टाकलं नाही. टाकायला लावलं," व्याहीबुवा म्हणाले, आणि छत्री विसरून निघून गेले.

मुलगी झाली. कौन्सिलमध्ये मीरा रॉबर्ट्स अशी नोंद झाली. व्याहीबुवा पाचव्या गावाला जाऊन हात हलवत परत आले.

बारसं आमच्याकडे होतं. जावयाला बहीण नाही, तेव्हा बाळाच्या कानात नाव सांगणार कोण? आमच्या हिनं परस्पर ठरवून टाकलं, "आत्याचा मान व्याह्यांना." वाकून कानात नाव सांगायचं, आणि बायका 'कुर्र' करून पाठीत धपाटे घालतात, हे मी त्यांना समजावलं. "किती जोरात?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

वाकले. आता 'मीरा' म्हणायला असा किती वेळ लागतो? बायकांनी कुर्र केलं, धपाटे घातले, तरी गृहस्थ उठेनात. परत धपाटे झाले. पाळण्याची दोरी माझ्या हातात, म्हणून मला तेवढं ऐकू आलं. "मीरा," ते म्हणाले, आणि मग सावकाश, एकेक अक्षर जपत, "रोटेनबाखर. रोटेनबाखरांची मीरा." त्या घरातल्या लेकराला शंभराहून जास्त वर्षांत या नावानं कोणी हाक मारली नव्हती.

ते उठले तेव्हा डोळे ओले होते. धपाट्यांमुळे, असं बायकांना वाटलं.

"एवढं काय सांगत होतात, डॅड?" जावयानं विचारलं. व्याहीबुवा पाठ चोळत खुर्चीत बसले. मग जावई माझ्याकडे बघायला लागला.

"मीराच म्हणाले," मी म्हटलं, आणि पाळण्याला झोका दिला.