दोन पावलं

दुपारी लेकीबरोबर जपानी ॲनिमे बघत बसले होते. दोन सामुराई समोरासमोर उभे. एक घसा फाडून ओरडत वार करत सुटला होता. बांबू तुटले, कुंपण आडवं झालं, समोरच्याला मात्र साधं खरचटलंही नाही. माझं भांडण असंच असतं. निदान वार येताना दिसतो, माणसाला अंग चोरता येतं.

दुसरा जागचा हललाही नाही. त्याने तलवार एकदाच फिरवली आणि शांतपणे म्यानात ठेवली. असली थंड माणसं माझ्या डोक्यात जातात. ओरडणारा हसला.

"याला कुठे काय झालं?" मी म्हटलं.

"आई, थांब ना जरा."

दोन पावलं चालून तो कोसळला.

मला माझी धाकटी जाऊ आठवली. रविवारी पाहुण्यांच्या पंगतीत तूप वाढताना ती गोड आवाजात म्हणाली होती, "आमच्या वहिनी बोलायला लागल्या ना, की आपण किती शांत आहोत ते कळतं."

सगळे हसले. मीही हसले, वर तिच्याकडून आणखी तूप मागून घेतलं.

त्याला चार दिवस झाले. वार आत्ता लागला.