पानवेलीला काय कळतं

राणीसावरगावात मल्लम्माबद्दल दोन मतं होती. ती तोंडाळ आहे हे एक, आणि पानवेल तिचं ऐकते हे दुसरं. पहिलं मत तिच्या नवऱ्याचं, चन्नबसप्पाचं. दुसरं गावाचं. ऐकते वगैरे काही नाही हो. बाई रोज सकाळी मळ्यात जायची आणि नीट बघायची, एवढंच. पण नीट बघणारं माणूस आपल्याकडं इतकं कमी, की लोकांना त्यात लगेच करणी दिसते.

पानवेल शेवरीच्या झाडावर चढवतात. बुंध्याला टेकवून लव्हाळ्यानं घट्ट बांधली, की थोड्याच दिवसांत तिच्या पेरांतून बारीक मुळ्या फुटतात आणि ती झाडाला धरते. सैल बांधली, वाऱ्यानं हलत राहिली, की रुसलीच म्हणून समजा. शेंडा तिथंच थांबतो. सावलीत पान मोठं, मऊ, काळपट हिरवं येतं. ऊन लागलं की तीच वेल लहान, जाड, तिखट पान काढते, आणि ऊन जास्तच झालं तर पिवळी पडते. मल्लम्मा म्हणायची, "तिला डोळे न्हाईत, पर उजेड कळतो. कातडं न्हाई, पर हात कुणाचा रागाचा हाय ते कळतं. आन् कळलं की दाखवून देती. आमच्या घरातल्यावानी मनात ठिवीत न्हाई."

आता पानमळ्याचा कायदा सांगतो. वहाणा घालून आत जायचं नाही. आंघोळीशिवाय जायचं नाही. आणि बाईनं महिन्याच्या अडचणीत तर कुडाजवळसुद्धा फिरकायचं नाही, नुसती सावली पडली तरी वेल करपते. हे घर लिंगायताचं. गळ्यात लिंग असलेल्या बाईला विटाळ नाही, हे या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवसांत बाई चूल पेटवी, लिंगपूजा करी, आणि तिच्या हातची भाकरी चन्नबसप्पा निवांत खाई. फक्त मळ्यात जायचं नाही. देवाला चालायचं, पानाला चालायचं नाही. यावर इतकी वर्षं कुणी हसलं कसं नाही, याचंच मला नवल वाटतं.

दुसरं महायुद्ध चालू होतं त्यातल्या एका उन्हाळ्यात या मळ्याच्या मावळतीकडच्या वेली पिवळ्या पडल्या. घर पानावर चालायचं, पानं परभणीच्या बाजारात जायची. चन्नबसप्पाची झोप उडाली. त्यानं घरात एकेकाला विचारलं, मळ्यात कोण कसं गेलं होतं?

सून गौराबाई, मुलगा बसप्पाची बायको, वर्षापूर्वीच पाथरीहून आलेली. तिच्या बापाचं तिथं किराणा दुकान, पानवेल तिनं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली. तिनं सरळ सांगितलं, "मी गेलते मामंजी. पाट फुटून पानी वाया जायलतं, बांधून आले. अडचण होती, पर आपल्यात कुटं विटाळ धरत्यात?"

झालं. खरं बोलल्याचं बक्षीस म्हणून तिला माहेरी धाडायचं ठरलं, परत न आणण्यासाठी. बसप्पा धिप्पाड गडी, पण बापापुढं त्याचं तोंड उघडत नसे. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मल्लम्मानं त्या दिवशी नवऱ्याला जेवायला वाढलं नाही, तरी फैसला बदलला नाही.

निघायच्या दिवशी गाडी मळ्याबाहेरच्या चिंचेखाली उभी होती. गंगाखेडच्या टेसनापर्यंत गाडी, पुढं रेल्वे. शेजारचे पानमळेवाले साक्षीला बोलावले होते, त्यांत माणिकराव सगळ्यांत वडील. गौराबाईला नेमकी आजही अडचण होती, म्हणून तिला फाटकापासून लांब, गाडीच्या चाकाशी उभं केलं होतं. बोचकं पोटाशी धरून ती रडत होती. मल्लम्मानं पानाचं तबक आणलं. सगळ्यांनी पानं लावली, तोंडात घातली, चावायला लागले.

"ग्वाड हाय पान," माणिकराव म्हणाले.

"असंल की," मल्लम्मा म्हणाली. "कालच खुडलंय. आन् तुमी आजवर खाल्ली ती पानं मी सगळ्या दिवसांत, अडचणीतबी खुडलेली हायेत."

माणिकरावांचं चावणं थांबलं.

"लगीन होऊन आले त्याच उन्हाळ्यात वादळानं निम्मा मळा आडवा झालता. ह्ये परभणीला गेलते. मला अडचण होती. काय करू? येली मातीत लोळायलत्या. गेले आत, एकेक उचलून बांधली. मंग आठ दिस भाकर ग्वाड लागली न्हाई, आता करपतील, मंग करपतील. तर पेराला पांढऱ्या मुळ्या! नवी पानं! तवापसून एक म्हैना चुकवला न्हाई. विटाळ जायची माजी उमर झाली, तवर कुटं करपला मळा? कुणाला थुकायचं आसंल तर थुका."

कुणी थुंकलं नाही.

"मंग ह्या पिवळ्या का पडल्या?" चन्नबसप्पानं विचारलं.

"मावळतीच्या शेवऱ्या कुणी छाटल्या? बैलाला वैरन न्हाई म्हून तुमीच पाला वरबाडून नेला. डोक्यावरचं छप्पर काढलं तिचं. उगवतीच्या शेवऱ्या शाबूत हायेत, तितली एक तरी येल पिवळी दावा."

चन्नबसप्पानं मळ्याकडं पाहिलं. मग बराच वेळ तो तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत राहिला.

"मला इतकी वर्सं का न्हाई सांगितलंस?"

"तुमी पान खायचं सोडलं आसतं," मल्लम्मा म्हणाली. आणि मग ती गौराबाईकडं वळली. "माजंच चुकलं. मी गप ऱ्हायले, म्हून ह्या लेकरावर ही पाळी आली."

चन्नबसप्पानं पान गिळलं. बसप्पाकडं न बघताच म्हणाला, "गाडी टेसनाला न्हाई, वढ्याला घे. शिंदीच्या फांद्या आण गाडीभर. सावली करू. तवर येलींना पानी पायजे."

पाणी कोण धरणार, हे तो बोलला नाही. गौराबाईनं डोळे पुसले, बोचकं चिंचेखाली ठेवलं, वहाणा काढल्या आणि सगळ्यांच्या देखत फाटकातून आत गेली.