जशपूरचा चहा दुधात टिकतो का?

४ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळी साडेपाच. रायपूरच्या एका व्यापार मेळ्यात आयोजकांनी माझ्या भाचीचा, वैशालीचा, चहाचा स्टॉल बंद करायला लावला. ती जशपूरजवळ बचत गटाच्या बायकांसोबत चहा पिकवते. आयोजकांच्या आचाऱ्याने तिची नाजूक, अख्खी पानं दूध-साखर-आलं घालून भज्यांच्या कढईशेजारी रटारटा उकळली. झालं फिक्कट पाणी. आयोजकांचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, छत्तीसगढ़ में धान उगाइए. इस चाय में दम नहीं है."

दुसऱ्या दिवशी जशपूरला पोचून वैशालीने फोन केला. "मावशी, मी हे सोडून राहिली. दिवाळीपर्यंत रायपूरला परत येते."

"थांब. आधी मले पाहू दे."

तुम्हालाही माझ्यासारखं जशपूरला जायचं असेल तर रायगढपर्यंत रेल्वे घ्या (आपला किल्ल्याचा रायगड नव्हे). पुढे शेअर गाडी. भाडं बसण्याआधी ठरवा, घाटात ते चढतं. पत्थलगावला चिला, म्हणजे तांदळाचं धिरडं, आणि टोमॅटोची चटणी खा, शंभराच्या नोटेत पोट भरतं. कुनकुरीनंतर सालवनं लागतात, हवा गार होते. रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर गिळलेल्या माणसाला ती आधी संशयास्पदच वाटते.

मळा सुंदर आहे. बायका दोन पानं आणि एक कळी खुडत होत्या. सुट्टी झाली आणि किटली निघाली. आत काय? दुकानातली काळी भुकटी, दुधात उकळलेली!

"काहून? तुमचा चहा कुठाय?"

फुलमती, त्यांच्यातली सर्वांत बोलकी, हसली. "वो तो बेचने वाली है, दीदी. हमको तो कड़क चाहिए."

देशाच्या चहाचं दुखणं त्या किटलीत होतं. चांगलं पान परदेशाकडे डोळे लावून पिकवायचं, घरी भुकटी उकळायची. जुने मळे थकले, भाव पडले की ओरड होते. पण आपण लोक चहा पितो कसा, हे कोणी विचारत नाही.

मळ्यालगतच्या कारखान्याच्या कोपऱ्यात दाणेदार चहाचं यंत्र ताडपत्रीखाली झाकलेलं होतं.

"हे का झाकलंस?"

"अख्ख्या पानाला मान असतो, मावशी."

"मानाने दूध लाल होत नाही, पोट्टी. अख्खं पान ठेवच. थोडं दुधवाल्यांसाठीही कर."

पानं रात्रभर सुकवली, सकाळी यंत्रात घातली. चहा तयार झाल्यावर मी स्वतः आलं ठेचलं आणि रायपुरी रीतीने उकळला. रंग आला. फुलमतीने घोट घेतला. सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"हव. अब कड़क लगिस!"

ताडपत्रीची नीट घडी घालून वैशालीने ती फळीवर ठेवून दिली. सोडून परत यायचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता रायपूरला ब्राह्मणपाऱ्यात, माझ्या ओट्यावर, तिच्या दोन्ही चहांचे दोन डबे आहेत. राग मात्र तिथे सोडून आलेले नाही. शाळेतल्या नन्सनी मला दोन गोष्टी शिकवल्या: ताठ बसणं आणि तक्रार लेखी करणं. म्हणून आयोजकहो, १५ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवा: स्टॉल कोणत्या नियमाने बंद केला, आणि पुढच्या मेळ्यात वैशालीची जागा कुठे आहे. फोनवरचं "आंटीजी, आंटीजी" चालणार नाही. तुमच्या पत्त्यावर दोन पुड्या पाठवल्या आहेत. पहिली, अख्ख्या पानांची, नुसत्या गरम पाण्यात, झाकण ठेवून. दुसरी दुधात, हवी तेवढी उकळा. उत्तर लिहिण्याआधी दोन्ही प्या.