खोपट आणि महाल

माझ्या लग्नात, पंगत बसलेली असताना, नवऱ्याच्या आत्यानं माझ्या आईवर गाणं म्हटलं. विहिणीला गाण्यातून टोमणे मारायचे ही आमच्याकडची रीतच, आणि त्याचा राग धरायचा नसतो. मी धरला.

'विहीणबाईच्या खोपटात, तुकडा टाकला ताटात.'

बेडशाचं आमचं घर लहान होतं, पण घर होतं. भाकरी आईनं वाढली होती, टाकली नव्हती. आत्यानं खोटं काही सांगितलं नाही, फक्त प्रत्येक शब्द एक पायरी खालचा घेतला. बायका हसल्या. आई त्या दिवशी जेवली नाही.

पुढं मी लोणावळ्याच्या बाजारात तांदूळ विकायला बसू लागले आणि ही विद्या रोज भेटायला लागली. बंगल्यावरचं गिऱ्हाईक माझ्या आंबेमोहोराला 'कणी' म्हणायचं, मग भाव पाडायचं. मी भांडायचे, पाटी झाकून घ्यायचे. एकदा एका बाईला चिडून म्हटलं, तुमच्यासारख्या राणीसाहेबांना आमचा तांदूळ कसला चालतोय. ती ओशाळली आणि मुकाट्यानं तांदूळ घेऊन गेली. खालच्या शब्दाला उत्तर देता येतं, नको इतक्या वरच्या शब्दाला देता येत नाही, हे मला तिथं कळलं.

पंधरा वर्षांनी त्याच आत्याची नात माझ्या भावाच्या मुलाला दिली. लग्न इंदुरीला, आत्याच्या दारात. पुढची भिंत खचलेली, आमटी पाण्यासारखी. मी आईला माझ्या शेजारी बसवलं आणि आत्याचीच चाल धरली.

'विहीणबाईच्या महालात, पक्वान्नं मांडली ताटात.'

पंगतीत हसू फुटलं. आत्या गाण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. पण महाल म्हटल्यावर ती भांडणार कशावर? शेवटी गाणं सोडून साधंच बोलली, "महाल कुटला गं सूनबाई, खोपट हाय आमचं."

"तुमीच म्हणताय आत्याबाई," मी म्हटलं. "आमी न्हाई म्हणलं."

आईनं माझा पदर ओढला. "बास कर. म्हातारी झाली ती."

आत्या आमटीचं भांडं तिथंच ठेवून आत गेली. माझ्याकडं अजून दोन कडवी होती. ती मी आत ऐकू जातील एवढ्या आवाजात म्हटली.